नाण्याएवढं कासव

नाण्याएवढं होतं हो! तुम्हाला सांगतो, आमच्या हिनं दुकानातून आणलं तेव्हा नाण्याएवढं, डोळ्यामागे लाल पट्टा, आणि दुकानदार काय म्हणाला? "वहिनी, एवढंच राहतं!" एवढंच राहतं? आज परातीएवढं झालंय! न्हाणीघरातला टब त्याचा, आणि बादलीत अंघोळ कुणाची... माझी! अकरा वर्षं सांगत होतो, दे गं हे कुणाला तरी. "तुमच्यापेक्षा कमी खातं," म्हणायची. झालं. मागच्या वर्षी ती गेली, आणि हे राहिलं.

त्यात आता वनखात्याचा नवा नियम! ही म्हणे बाहेरून आलेली जात. लोक कंटाळले की तळ्यात सोडून देतात, मग ही तिथल्या गरीब कासवांचं खाणं पळवतात, उन्हाला बसायचा दगडसुद्धा बळकावतात. म्हणून विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, सोडायचं तर नाहीच. शुक्रवारपर्यंत नोंदवा, नाहीतर आमच्याकडे जमा करा. शेजारी म्हणतात, "टाका हो तळ्यात, कोण बघतंय?" म्हटलं, तळ्यातली कासवं बघतायत ना!

पण मी मनात म्हटलं, जमा करा? सुटलो! घातलं बादलीत, गाठलं कार्यालय. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "ठेवायचंय की द्यायचंय?" "द्यायचंय!" असा ओरडलो की रांगेतली माणसं दचकली. फॉर्म भरला. त्यात रकाना, 'सवयी'. आणि जागा किती? एक ओळ! आता एका ओळीत काय मावणार, तुम्हीच सांगा? सातला खातं. चमचा डब्यावर तीनदाच वाजवायचा, हिची पद्धत. चौथ्यांदा वाजला की मान आत, दिवसभर फुगून बसणार. टबाजवळचं हिचं स्टूल हलवलं की जेवत नाही, म्हणून मी हलवत नाही... त्याच्यासाठी हो, माझं काय... मागची कोरी बाजू भरली, पुरवणी मागितली.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, सगळं वाचलं. सगळं! "काका, देणारे लोक इथं 'खातं, झोपतं' एवढंच लिहितात." आणि दुसरा फॉर्म सरकवला. ठेवण्याचा.

मी तो परत सरकवला का? छे! बादलीत ते मान वर करून माझ्याकडे बघत होतं... नाण्याएवढं होतं हो!

"नाव तुमचं लावते," बाई म्हणाल्या. "एकदा लागलं की बदलत नाही. अजून वीस वर्षं सहज जगेल."

"वीस? आणि मधेच मी गेलो तर?"

बाईंनी शिक्का मारला. "नका जाऊ."

घ्या! गुडघे बोलतायत, दात हलतायत, आणि रोज सकाळी सातला डब्यावर चमचा... तीनदाच! स्वतः पुढं निघून गेली, आणि माझी मरायचीसुद्धा सोय ठेवली नाही हो हिनं!