गेटाबाहेरचं हळदीकुंकू

मी मूळची अमरावतीकडची, लग्न झालं आणि भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आले, आमचे हे टर्नर, पक्की नोकरी, म्हणून तर माझ्या बापानं डोळे मिटून दिली मला, मुलाचे नाकडोळेसुद्धा पाहिले नाहीत. क्वार्टर, दवाखाना, शाळा, सगळं कारखान्याचं, भोंगा वाजला की आम्ही कणीक भिजवायची, काय सांगू तुला, राज्य होतं ते.

तू कॉलेजातून अभ्यासाला आलीस, पक्के आणि ठेक्यावरचे यांत फरक काय म्हणून विचारतेस, तर हळदीकुंकवाचं ऐक. संक्रांतीला मराठी बायकांचं हळदीकुंकू क्लबच्या हॉलमध्ये, बोलावणं फक्त गेटाच्या आतल्या क्वार्टरवालींना. तेव्हा बाहेर मराठी घरंच नव्हती, कोणाला टोचलं नाही.

मग पक्की भरती बंद झाली. माझा प्रशांत त्याच कारखान्यात लागला, पण ठेकेदाराकडून. बाप-लेक शेजारशेजारच्या मशीनवर, काम तेच, पण बापाला क्वार्टर आणि लेकाला नुसता गेटपास. लग्नानंतर त्यानं बाहेर खोली घेतली. सूनबाईची, सारिकाची, पहिली संक्रांत, काळी साडी, हलव्याचे दागिने मी हातानं केलेले, तीळ बिट्टन मार्केटच्या हाटातून निवडून आणलेले. आणि मंडळाच्या सेक्रेटरीबाई, साहेबांची बायको, घरी येऊन म्हणतात कशा, वहिनी तुम्ही या, सुनेचं पुढं पाहू, ती बाहेरची, एकीला बोलावलं की सगळ्या ठेक्यावाल्यांच्या येतील. मी म्हटलं, येऊ द्या की, कुंकू काय कारखान्याच्या स्टोअरमधून मिळतं?

पोरीनं ऐकलं आणि गळ्यातला हलव्याचा हार सोडायला लागली. जीव तुटला बापा माझा. म्हटलं, राहू दे अंगावर. तिच्याच खोलीपुढं सतरंजी टाकली, गल्लीतल्या सगळ्या बायका बोलावल्या, बिहारच्या, बुंदेलखंडाच्या, उखाणा कोणाला येईना, त्या त्यांची गाणी गायल्या. आतल्या काहीजणी आल्या, बाकीच्यांनी नाकं मुरडली. मुरडा म्हटलं.

पुढं हे रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आम्हीही बाहेर आलो, मुलाशेजारीच. आत आता निम्मी क्वार्टरं रिकामी, गवत वाढलंय, क्लबच्या हॉलला कुलूप. हळदीकुंकू आमच्याच अंगणात होतं. गेल्या संक्रांतीला त्या सेक्रेटरीबाई, साहेब रिटायर झाल्यावर शाहपुऱ्याला राहायला गेलेल्या, तिथून रिक्षा करून आल्या, दारातच थांबल्या, म्हणाल्या, वहिनी, बोलावणं नव्हतं तरी आले. मी काही बोलायच्या आत सारिकानं त्यांचा हात धरला आणि पाटावर नेऊन बसवलं.

प्रशांत अजून ठेक्यावरच आहे, ते तर तू लिहिशीलच. हेही लिही. आणि आता पुढं हो जरा, कुंकू लावते. इथून रिकाम्या कपाळानं कोणी जात नाही.