इंग्रजीतलं माझं नाव

अक्षरन् अक्षर खरं सांगतो, गड्या. म्हणजे एक वाक्य सोडून. ते कुठलं, ते शेवटी सांगतो.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोनं कधी माझं नाव घेतलं नाही. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा नेमकं नावाशी तिला खोकला आला. तिच्या तोंडून ते एकदा ऐकायची मला लय इच्छा.

यंदा ती तासगावात इंग्रजीच्या क्लासला जायला लागली. एकदा आणायला गेलो, तर आत मास्तर म्हणत होते, "वहिनी, लेझी शब्द वापरून वाक्य करा. सुरुवात माणसाच्या नावानं करा."

आता ही कुणाचं नाव घेते? मी दाराला कान लावला.

"दिनकर इज लेझी."

"बरोबर. आता स्टबर्न, म्हणजे हट्टी."

"दिनकर इज स्टबर्न."

"हँडसम?"

"दिनकर इज हँडसम."

गाडीवर बसताना मी म्हटलं, "अगं, माझं नाव घेतलंस की."

"आवं, इंग्रजीत चालतंय."

"मग एकदा मराठीत घे."

तिला पुन्हा खोकला आला.

आता ते हँडसमचं वाक्य. मास्तरांनी शब्द खरंच दिला होता. पण तिथं तिनं तिच्या भावाचं नाव घेतलं.