भाऊरावची हातबत्ती

सांगतो, पण उगं हसू नका. रेल्वेतून रिटायर झालो तरी माझा नाद काय सुटला नाय. जुनी शिट्टी, झेंडी, पुठ्ठ्याची तिकिटं, दिसलं की घरी आणायचं. फक्त गार्डची लाल-हिरव्या काचेची हातबत्ती नव्हती. ती होती उस्मानपुऱ्यात, माझा जुना जोडीदार भाऊराव याच्याकडं. मागून मागून थकलो, त्यानं दिली नाय. पुढं तो वर्षभर अंथरुणाला खिळला, अन् मी एकदाही बघायला गेलो नाय.

तो वारल्यावर तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. वहिनी रडत होत्या अन् माझी नजर खुंटीवरच्या बत्तीवर. राहवलं नाय, विचारलं, "वहिनी, हिची हिरवी काच शाबूत हाये का?"

वहिनींनी डोळे पुसले, बत्ती काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "दोस्त आला की देऊन टाक, असं यांनी सांगून ठेवलं होतं."

मी एवढा हरखलो, की सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नसतात, हेही विसरलो. दारातून म्हणालो, "येतो, वहिनी."

त्या शांतपणे म्हणाल्या, "आता कशाला येता, भाऊजी? बत्ती तर मिळाली."