जांभळ्या जाकिटातली बाई

थंडीतला समुद्र बघायला निघालेल्यांची बसपाशी रांग होती. माझ्यापुढच्या दोघी आमच्याच व्हिएतनामच्या, इथे कोरियात सुना होऊन आलेल्या. सरकारी सूचना आली तसे रांगेतले फोन एकदम वाजले. पुढचं मी ऐकायला नको होतं, पण आपली भाषा कानांना बंद कशी करणार?

"ताई, युद्ध तर नाही ना?"

"नाही गं न्हुंग. म्हातारं माणूस हरवलंय कुणाचं तरी. नेहमीचंच."

"वाच ना. मला कोरियन भराभर वाचता येत नाही."

"बाई. वय एक्याऐंशी. आखूड कुरळे केस, जांभळं जाकीट."

"सासूबाईंना सकाळी मी जांभळंच घातलंय."

"इथल्या कुठल्या सासूचं जांभळं नसतं? आणि केस तर सगळ्यांचे एकाच साच्यातले!"

"त्यांना हल्ली स्वतःचं घरही ओळखू येत नाही, ताई."

"नवरा आहे ना घरी?"

"तो झोपलाय."

"मग उठव त्याला, विचार, आणि मोकळी हो. वर्षातून एकदा बाहेर पडतेस, त्यातही जीव घरात."

"फोन मुका करून ठेवला होता गं... ताई, त्याचे किती फोन येऊन गेलेत बघ!"

"घाबरू नकोस. लाव त्याला."

"आधी सांग, पायात काय लिहिलंय?"

"पायाचं कशाला आता?"

"वाच ना!"

"अनवाणी."





"बाहेर पडू नयेत म्हणून त्यांचे सगळे जोडे मी कपाटात लपवून आले."