पडद्यावरची पाहुणी

टीव्हीच्या दुकानातल्या रांगेत बाळ एकदाचं माझ्या खांद्यावर झोपलं होतं. पुढे एक बाई आणि त्यांचा मुलगा, परवाच घेतलेला, टीव्हीला जोडायचा नवा बॉक्स परत करायला आलेले.

"आई, चांगला चालतोय की हा!"

"सुरू केला की विचारतो, कोण बघणार? खाली तुझं नाव, तुझ्या बायकोचं नाव, त्या मेल्या कुत्र्याचंसुद्धा नाव! आणि मी?"

"अगं, तू 'पाहुणे' दाबायचं. सगळं दिसतं त्यात."

"माझ्याच घरात मी पाहुणी?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! कुत्रा बघतो का रे मालिका?"

"काकू, चिडू नका," दुकानदार म्हणाला. "आत्ता जोडतो आणि टाकतो तुमचं नाव. काय टाकू?"

"'आई' टाका," मुलगा म्हणाला.

"त्यांनी मला विचारलंय. मला नाव आहे."