खुडूक बसलेल्यांना उठवणाऱ्या सिस्टर

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या वसाहतीचे कारभारी, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सत्कारमूर्ती सिस्टर, सूत्रसंचालन करणाऱ्या शाळेच्या बाई, आईला न्यायला आलेली सिस्टरची लेक, आणि चहाच्या वासानं मागच्या दाराकडे माना वळवून बसलेल्या माझ्या तमाम शेजाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

बाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, तेव्हा पाच मिनिटं म्हणजे काय ते मला कळतं. पाळीनच असं मात्र वचन देत नाही. हातातला कागद हलतोय तो भीतीनं नव्हे, हेही आधीच सांगून टाकतो. हात मुळातच थरथरतो. त्याची गोष्ट पुढं येईल.

सिस्टर रुग्णालयातून निवृत्त झाल्या आणि उद्या लेकीकडे राहायला जाताहेत. त्यांची सेवा मी काय वर्णावी? अडीअडचणीला ज्यानं त्यांचं दार वाजवलं नाही असा एक तरी माणूस या खोलीत आहे का? पण त्यांच्या इंजेक्शनांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे मागच्या आवारातल्या त्यांच्या कोंबड्यांबद्दल. सिस्टर गेल्या की खुराडंही काढून टाकायचं, अशी सूचना मागच्या बैठकीत आली, आणि अध्यक्षसाहेब आज त्यावर आपला निर्णय सांगणार आहेत. म्हणून म्हटलं, साहेबांच्या आधी आपण बोलून घ्यावं. साहेब, मी तुमच्या कानाशी उभा आहे, तेव्हा ऐकू आलं नाही ही सबब चालणार नाही.

हे खुराडं उभं राहिलं तेव्हा वसाहतीत जो तो कोंबड्यांचा जाणकार झाला होता. पहिला प्रश्न साहेबांचाच होता. ‘कोंबडा कुठाय? कोंबड्याशिवाय अंडी कशी मिळणार?’ सिस्टर म्हणाल्या, ‘साहेब, अंडं कोंबडी घालते. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी.’ त्यावर कुंपणाआडून आमची मंडळी, म्हणजे आमची ही, म्हणाली, ‘घर कोण चालवतं ते पुरुषांना उशिराच कळतं!’ तुम्ही तेव्हा मोकळेपणानं हसला होतात, साहेब. ते हसू मी विसरलेलो नाही.

मग वासाचा मुद्दा निघाला. अहो, वास ओल्या घाणीला असतो. सुतारदादांनी रंध्याचा भुसा पुरवला, तो वेळच्या वेळी बदलला, आणि विषय मिटला. ‘उंदीर येतील.’ उंदराला कोंबडीशी काय करायचंय? तो येतो सांडलेल्या दाण्यासाठी. दाणे झाकणाच्या डब्यात गेले आणि उंदीर मुकाट सुतारदादांच्या माळ्यावर परतला. हसू नका दादा, तुम्हीच सांगितलंत मला. कोंबडीला काहीही चालतं म्हणून कुणी खारट-तेलकट उरलंसुरलं आणून ओतायचं. अंडं रोज मिळालंच पाहिजे म्हणून कुणी, कोंबड्यांची पिसं झडत असताना, रिकामी वाटी घेऊन तोंड वाकडं करत परत जायचं. तपकिरी अंडं जास्त पौष्टिक, असं तर मीही छातीठोकपणे सांगायचो. सिस्टर म्हणाल्या, ‘काका, तो रंग फक्त कवचाचा. आत काय आहे ते कोंबडीनं काय खाल्लं त्यावर.’ पटलं. तरी हात अजून तपकिरी अंड्याकडेच जातो. सवय जाते थोडीच?

पण सगळ्यात मोठा गैरसमज होता खुडूक कोंबडीबद्दल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोंबडीला कधी कधी उबवणीची ओढ लागते. खाली अंडं असो वा नसो, ती पिसं फुलवून घरट्यात बसून राहते. खात नाही, फिरत नाही, अंडी बंद. जवळ गेलात तर चोच मारते. एकदा आपली तांबडी तशी बसली, आणि लागले सगळे सल्ले द्यायला. कुणी म्हणे आजारी आहे, कुणी म्हणे गार पाण्यात बुचकळा, कुणी म्हणे नाकात पीस घाला. कुणी तर म्हणे आता हिचा काही उपयोग नाही, विकून टाका.

नेमक्या त्याच दिवसांत मीही घरात बसून होतो. हात थरथरायला लागला होता. चिमट्यात धरलेला स्क्रू सुटायचा आणि मी गुडघ्यांवर बसून तो शोधायचो. शेवटी दुकान बंद केलं. मग उठायचं कशासाठी? पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायचो. हिनं ताट ठेवावं आणि तसंच उचलून न्यावं. काही विचारलं की मी अंगावर धावून जायचो. ही बिचारी सिस्टरपाशी जाऊन रडली.

सिस्टर ड्यूटीवरून आल्या त्या थेट आमच्याकडे. माझी नाडी पाहिली नाही की काही नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘काका, रागावू नका, पण तुम्ही खुडूक बसलाय.’

ही खुदकन हसली. कित्येक दिवसांनी हसली हो! मी मात्र तापलो. सिस्टरनी तिकडे लक्षच दिलं नाही. म्हणाल्या, ‘माझी ड्यूटी आहे. तांबडीला दिवसातून तीन-चारदा घरट्यातून उचलायची आणि बाहेर दाण्यापाशी, बाकीच्या जणींत नेऊन सोडायची. ती परत जाऊन बसेल. परत उचलायची. रागवायचं नाही आणि कंटाळायचंही नाही.’

मी म्हटलं, ‘माझा हात थरथरतो.’

‘मग थरथरू दे की! ती काय घड्याळ आहे?’

मंडळी, त्या एका वाक्यावर मी पलंगावरून उठलो. तांबडीनं मला चोची मारमारून हैराण केलं. मी उचलायचो, ती परत जाऊन बसायची. पण तिला उठवायचं तर आधी मला उठावं लागे, ही सिस्टरची चलाखी माझ्या उशिरानं लक्षात आली. काही दिवसांनी तांबडी आपण होऊन बाहेर आली आणि माती उकरायला लागली. मी तिथंच उभा राहून लहान मुलासारखा रडलो. त्या दिवशी मी ताटातलं सगळं संपवलं, हे आमची मंडळी सांगेल.

सिस्टर, मी तुमचा ऋणी आहे. हे तोंडावर कधी म्हणालो नाही, आज सगळ्यांदेखत म्हणतो. तुमचाही एक गैरसमज आज दूर करतो. तुम्हाला वाटतं, या कोंबड्या तुमच्यावर जीव टाकतात. त्या डब्यावर जीव टाकतात हो! परवा मीटर बघायला आलेल्या माणसाच्या हातात पत्र्याची पेटी होती, तर सगळ्या जणी त्याच्यामागं फाटकापर्यंत गेल्या. तुमच्यावर जीव टाकणारी मंडळी इथं खुर्च्यांवर बसली आहेत.

साहेब, मागच्या बैठकीतला तुमचा प्रश्न रास्त होता. सिस्टर गेल्यावर जबाबदारी कुणाची? माझी. दाणे, भुसा, साफसफाई, सगळं माझं. खुराडं काढलंत तर कोंबड्यांना कुठंही घर मिळेल. मला मात्र सकाळी उठायला कारण उरणार नाही. ही विनंती आहे, साहेब. तुम्ही उठून बोलायची गरज नाही, नुसती मान हलवलीत तरी पुरे.

हलवली! बाई, तुम्ही पाहिलंत ना? सगळ्यांनी पाहिलंत? साहेब, तुमचे उपकार मानावेत तेवढे थोडे. आता ती मान परत फिरवू नका म्हणजे झालं.

सिस्टरच्या लेकी, तुलाही एक सांगतो, बाळ. तुझं घर चौथ्या मजल्यावर, तिथं आवार नाही. आई कधी खिडकीशी गप्प बसून राहिली तर म्हातारपण आलं असं समजू नकोस. तिला उठव. चोच मारेल, मारू दे. परत उठव. नाहीच जमलं, तर इकडे आणून सोड, आम्ही आहोत.

बाईंनी दोनदा घड्याळ दाखवलं. ते माझंच दुरुस्त केलेलं आहे, त्यामुळं खोटं म्हणता येत नाही. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाची चेष्टा जास्त झाली असेल, तर घरचा माणूस म्हणून पदरात घ्या. चहाला मला थोडा उशीर होईल. सध्या आपली पांढरी खुडूक बसली आहे आणि तिला उचलायची वेळ झाली.

सिस्टर, चला. उठा.