अर्ध्या दलालीतलं घर

घासाघीस करावी तर आमच्या वडिलांनी, राव! पिंपरीला नवे कारखाने येत होते, तेव्हा आमचं चिंचवडचं घर विकायला काढलं. सांगवीचे शिवबा दलाल शेकडा दोन रुपये मागत होते.

वडील म्हणाले, "काळेवाडीचा दलाल एकावर तयार आहे."

"मग मीबी एकावर करतो. पर अर्ध्याच घराचं बोलनार."

वडिलांना वाटलं, थट्टा करतोय.

गिऱ्हाईक आलं. शिवबांनी ओसरीची, माजघराची तोंडभर तारीफ केली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन गप्प उभे राहिले.

"आत काय आहे?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"त्ये मालकास्नी इचारा. मी काय बोलनार न्हाई."

गिऱ्हाईक तिथूनच मागं फिरलं. त्याचं सोडा, त्या संध्याकाळी आमच्या आईनंसुद्धा चूल अंगणात मांडली!